संधिवाताचा इतिहास आणि आपण स्त्रिया

आपल्या मंडळाची स्मरणिका हाती पडली की आपण बहुतेकजणी आधी वर्षाचा अहवाल वाचतो, मग पाककृती, आणि वेळ उरलाच तर लेखांकडे वळतो. तेव्हा लेख लिहावयाचा तर तो घरोघरी उपयोगी पडेल अशा विषयावर लिहावा असे मी ठरविले. सांधेदुखी हा तसा विषय आहे. आपल्या मासिक सभेला जिना चढताना कठडा धरणाऱ्या भगिनी मोजल्या तर विषय का निवडला हे सांगावे लागणार नाही. परंतु या दुखण्याला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात स्त्रियांचा वाटा केवढा मोठा आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तो सांगावा एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. सांधे दुखणे हा एकच आजार नव्हे. वय वाढले, वजन वाढले की गुडघ्याची कूर्चा झिजते आणि गुडघा दुखू लागतो. हा झिजेचा संधिवात. आपल्यापैकी पुष्कळजणींचा तो हाच. परंतु दुसराही एक प्रकार आहे. तो पंचविशी-तिशीतल्या बाईलाही गाठतो. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे सारखीच सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, अंगात बारीक ताप असतो, आणि कामाआधीच थकवा येतो. याला डॉक्टर रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे त्याला बहुधा आमवात म्हणतात, आणि या लेखात मीही तोच शब्द वापरणार आहे. यात झीज हे मूळ नसते. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने ठेवलेली फौजच चुकून आपल्या सांध्यांवर चालून जाते. घराचा राखणदारच घरच्या माणसांवर काठी उगारू लागला तर जे होईल ते येथे होते. अशा आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. ल्युपस हा त्यांतलाच. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात. म्हणजे हा विषय सर्वस्वी आपलाच झाला.

सांध्यांची दुखणी आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. चरकसंहितेत वातरक्ताचे वर्णन आहे, आणि पुढे माधवकराच्या माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र प्रकरणच आहे. युरोपात मात्र शतकानुशतके गाऊट या एकाच नावाखाली सारी सांधेदुखी जमा होत असे. गाऊट हा श्रीमंतांचा, मद्यमांस सेवन करणाऱ्या पुरुषांचा आजार समजला जाई, आणि मोठमोठे वैद्य त्यांच्याच उशाशी बसत.

हा घोळ प्रथम मोडला तो पॅरिसमध्ये, १८०० साली. तेथे साल्पेत्रिएर नावाचे मोठे रुग्णालय होते आणि त्यात गोरगरीब, निराधार बायका ठेवलेल्या असत. ऑग्यूस्तँ लांद्रे-बोव्हे नावाचा एक तरुण डॉक्टर तेथे काम करीत होता. त्याने सांधे वाकड्या झालेल्या नऊ स्त्रिया नीट तपासल्या आणि आपल्या प्रबंधात लिहिले की, हा नेहमीचा गाऊट नव्हे. तो गरिबांना होतो, स्त्रियांना अधिक होतो, एकाच वेळी अनेक सांधे धरतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. आमवाताचे आधुनिक वैद्यकातील पहिले स्पष्ट वर्णन म्हणून आज हाच प्रबंध दाखविला जातो. ज्यांच्याकडे फी द्यायला दमडी नव्हती अशा नऊ बायकांकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिले, आणि एक आजार जगाला दिसला. पुढे १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी या आजाराला रुमेटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिले. गाऊटच्या रोग्याच्या रक्तात युरिक आम्ल साठते हे त्यांनीच आधी दाखविले होते, त्यामुळे दोन आजार वेगळे करण्याचे साधनही हाती आले.

नाव मिळाले, पण औषध कोठे होते? लोक गरम पाण्याच्या झऱ्यांवर जात. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर जसे जातात, तसे इंग्लंडात बाथला आणि फ्रान्समध्ये एक्स-ले-बँला जात. शेकाने क्षणभर बरे वाटे. पुढे वाळुंजवर्गीय झाडाच्या सालीतील गुण शोधताशोधता १८९७ साली जर्मनीत ॲस्पिरिन तयार झाले आणि दोन वर्षांनी ते बाजारात आले. त्याने ठणका कमी होई, पण सांध्याची नासाडी थांबत नसे. १९२९ साली एक्स-ले-बँ येथील झाक फोरेस्टिए या डॉक्टरांनी आमवातावर सुवर्णक्षारांची इंजेक्शने दिल्याचे प्रसिद्ध केले. हा आजार क्षयासारखाच असावा असा त्यांचा समज होता. तो समज पुढे खोटा ठरला, परंतु सोन्याचा काहींना उपयोग झाला आणि पन्नासएक वर्षे ते औषध चालले.

आता या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरणाकडे येते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक आहे. तेथे फिलिप हेंच हे डॉक्टर संधिवाताच्या विभागाचे प्रमुख होते. १९२९ साली त्यांच्या एका रोग्याला कावीळ झाली आणि आश्चर्य असे की कावीळ असेतो त्याचे सांधे दुखायचे थांबले. हेंच यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. ते इतर रुग्णांना विचारीत राहिले. तेव्हा कित्येक स्त्रियांनी सांगितले की, डॉक्टर, पोटात मूल असताना मला अगदी बरे वाटत होते, बाळंतपण झाले आणि दुखणे पुन्हा उलटले. दुसऱ्या एखाद्याने बायकांच्या गोष्टी म्हणून त्या कानाआड केल्या असत्या. हेंच यांनी त्या लिहून घेतल्या आणि १९३८ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तर्क केला की, कावीळ आणि गरोदरपण या दोन्ही अवस्थांत शरीरात एखादा पदार्थ वाढत असला पाहिजे, आणि तोच या आजाराला आवरत असला पाहिजे. त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी 'क्ष' म्हटले.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडावरच्या लहानशा ग्रंथींतून निरनिराळे पदार्थ वेगळे करीत होते. त्यांपैकी एकाचे नाव 'संयुग ई'. हे वापरून पाहावे असे दोघांनी १९४१ साली ठरवून ठेवले होते, पण देण्याजोगे औषधच तयार नव्हते. ते थोडेसे हाती आले १९४८ साली.

त्या वर्षी एकोणतीस वर्षांची एक विवाहित बाई मेयोत दाखल झाली होती. वैद्यकीय ग्रंथांत तिचा उल्लेख फक्त श्रीमती जी एवढाच येतो. अंथरुणात कूस बदलणेही तिला कठीण होते. मुद्दाम कावीळ आणवून पाहण्याचा एक उपाय तिच्यावर करून झाला होता आणि तो फसला होता. आता घरी जा, असे सांगण्याची वेळ आली. पण बाई घरी जायला तयार होईना. काहीतरी करा, तोवर मी हलणार नाही, असा तिचा हट्ट होता. या हट्टापुढे डॉक्टरांना नवा मार्ग शोधणे भाग पडले, आणि २१ सप्टेंबर १९४८ रोजी तिला संयुग ई चे पहिले इंजेक्शन दिले गेले. दोन-तीन दिवसांत ती सहज कूस बदलू लागली, आणि आठवडाभरात गावात जाऊन दुकाने हिंडून आली. हेच औषध पुढे कॉर्टिझोन नावाने प्रसिद्ध झाले. हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हेंच यांनी आपल्या बक्षिसातील काही रक्कम त्यांच्या विभागातील परिचारिका सिस्टर पँटालिऑन यांना दिली, ही गोष्ट मला फार आवडते.

परंतु या कथेचा उत्तरार्ध कडू आहे. कॉर्टिझोनने रोग आवरला जाई, मुळापासून जात नसे. औषध बंद केले की दुखणे परते, आणि मोठ्या मात्रेत चालू ठेवले तर चेहरा फुगे, हाडे ठिसूळ होत, साखर वाढे, जंतुसंसर्ग होई. हेंच यांना स्वतःलाच याचे दुःख झाले. आज डॉक्टर ही स्टेरॉइड औषधे थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, जपून देतात. येथे भगिनींना एक सावधगिरीची सूचना देते. सात दिवसांत सांधेदुखी गायब, असे सांगून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्यांत कित्येकदा हेच स्टेरॉइड मिसळलेले आढळते. पहिल्या आठवड्याचा चमत्कार त्यामुळेच घडतो, आणि पुढची हानीही त्यामुळेच होते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नये. डॉक्टरांना सांगून त्यांच्या सल्ल्याने कमी करावी.

शरीर स्वतःवरच उलटते ही कल्पनाही याच सुमारास रुजली. शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाला वाटे की, निसर्ग असे होऊ देणार नाही. पण १९४० साली नॉर्वेच्या एरिक वालर यांना आमवाताच्या रक्तात एक वेगळाच घटक सापडला. रक्ततपासणीच्या कागदावर आर. ए. फॅक्टर म्हणून आपण जो वाचतो तो हाच. १९४८ साली, म्हणजे श्रीमती जी बरी झाली त्याच वर्षी आणि त्याच मेयो क्लिनिकमध्ये, हारग्रेव्ह्ज यांनी ल्युपसच्या रोग्यांत एक विशिष्ट पेशी दाखविली. हळूहळू या साऱ्या आजारांचे मूळ एकाच जातीचे आहे हे ध्यानात आले, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञांची गरज निर्माण झाली.

आता मी तुम्हाला मुंबईला नेते, कारण आज आमवातावर जे औषध सर्वांत आधी दिले जाते त्याचा एक धागा आपल्या गिरणगावात सापडतो. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरीब गरोदर बायकांना, त्यांत गिरणीत काम करणाऱ्या पुष्कळ, एक जीवघेणा पंडुरोग होत असे. या बाईंनी त्यांचे आहार तपासले, त्यांच्या घरची परिस्थिती पाहिली, आणि १९३१ साली दाखवून दिले की यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड या नावाने ओळखले गेले. गरोदरपणी आपल्याला आणि आपल्या सुनांना ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांची ही जन्मकथा.

पुढे आंध्रात भीमावरम येथे जन्मलेले आणि अमेरिकेत गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत १९४५ च्या सुमारास फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि त्याच्या उलट काम करणारी द्रव्येही तयार झाली. पहिला उपयोग लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर झाला. १९५१ साली न्यूयॉर्कच्या गब्नर यांनी त्यांतील एक द्रव्य आमवातावर वापरले आणि गुण दिसला. पण तेव्हा जो तो कॉर्टिझोनच्या मागे होता, त्यामुळे तिकडे कोणी फारसे पाहिले नाही. तीसेक वर्षांनी त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट पुन्हा तपासले गेले आणि १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली. आज मेथोट्रेक्सेट घेणारीला सोबत फॉलिक ॲसिडही दिले जाते. ज्या द्रव्याचा शोध परळच्या गरीब बाळंतिणींमुळे लागला, तेच आज आमवाताच्या रुग्णांचे रक्षण करते.

स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. १९३७ साली त्या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. त्या देशाच्या सरकारी विद्यापीठात हे पद मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. त्यांनी सांध्यांच्या आजारासाठी सल्फासालाझिन हे औषध घडविले. मध्यंतरी ते मागे पडले आणि १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडात पुन्हा वर आले. आजही ते वापरात आहे.

शेवटची मोठी पायरी लंडनमधली. लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी सुजलेल्या सांध्यात टी.एन.एफ. नावाचे द्रव्य आगीत तेल ओतते हे ओळखले. १९९२ साली त्याला अडविणारे औषध त्यांनी प्रथम रुग्णांना दिले. तेव्हापासून या जातीची अनेक इंजेक्शने निघाली आहेत. ती महाग आहेत आणि झोपलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून आधी क्षयाची तपासणी करूनच देतात. अलीकडे ती भारतातही बनू लागल्यामुळे किंमत उतरली आहे, तरी सर्वांच्या आवाक्यात आलेली नाही.

हे झाले जगाचे. आपल्या घरांत काय घडत होते? माझ्या एका चुलतीचे हात मी लहानपणापासून पाहिले. तिशीत, दुसऱ्या बाळंतपणानंतर, तिची बोटे सुजू लागली. बाळंतपणात वारा लागला, पाण्यात हात घातले, असे सर्वांनी ठरविले आणि त्याला बाळंतवात म्हटले. पुढे बोटे एका बाजूला कलली. पोळपाटावर लाटणे धरता येईना, तेव्हा ती तळहातांनी लाटू लागली. तिच्या सोशिकपणाचे सारे कौतुक करीत. तिला तज्ज्ञाकडे न्यावे असे कोणालाच सुचले नाही, कारण असा तज्ज्ञ असतो हेच ठाऊक नव्हते. गरोदरपणी आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणे उलटते, हे हेंच यांनी १९३८ सालीच लिहून ठेवले होते. आमच्या माजघरापर्यंत ते पोहोचले नाही. वाऱ्याला आणि पाण्याला दोष मिळाला, आणि अप्रत्यक्षपणे तिलाही.

अशा किती चुलत्या असतील? याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या योजनेनुसार पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली भिगवण गावी घरोघर पाहणी केली. गावातल्याच स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन विचारले: कोठे दुखते? किती दिवस? चार हजारांहून अधिक प्रौढांची ही पाहणी होती. शंभरांतील सुमारे अठरा जणांना स्नायू-सांध्यांची काही ना काही तक्रार होती, आणि हजारी पाचएक जणांना आमवात होता. हजारी पाच हा आकडा लहान वाटेल, पण दहा हजार वस्तीच्या गावात तो तीस-चाळीस माणसे तरी दाखवितो.

आता तज्ज्ञ नेमके करतो काय, ते थोडक्यात सांगते. हाडांचा डॉक्टर निराळा आणि संधिवाततज्ज्ञ निराळा. हाड मोडले किंवा सांधा बदलावयाचा तर पहिल्याकडे जावे. सूज, ताठरता, ताप, थकवा असे एकत्र असेल तर दुसऱ्याकडे. तो सांधे मोजतो, रक्त तपासतो, रोग आवरणारे औषध लवकर सुरू करतो आणि दर काही आठवड्यांनी ते पुरते की नाही ते पाहतो. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. त्या काळात रोग आवरला तर सांधे वाचतात, आणि एकदा वाकडे झालेले बोट मात्र औषधाने सरळ होत नाही. म्हणून सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक राहत असेल आणि सूज सहा आठवडे टिकली असेल तर थांबू नये. आर. ए. फॅक्टर नसला म्हणजे आमवात नाही असे नव्हे, आणि असला म्हणजे आहेच असेही नव्हे.

औषधांविषयी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. म्हणून वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधे पुरेशी आधी बंद करावी लागतात. आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने औषध सोडू नये.

या आजाराचे तज्ज्ञ अजून मुख्यतः मोठ्या शहरांतच आहेत. तालुक्याच्या गावाहून येणारीला एस.टी.चे भाडे, सोबतीचे माणूस आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी या साऱ्यांची जुळणी करावी लागते. येथे आपल्यासारखी मंडळे पुष्कळ करू शकतात. माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देताना आपण प्रत्येकीने समोरच्या भगिनीचा हात क्षणभर हातात घ्यावा आणि विचारावे, सकाळी मूठ वळते ना? जिची वळत नसेल तिचे नाव चिटणीसबाईंच्या वहीत लिहावे, आणि तिला तज्ज्ञाकडे नेण्यासाठी सोबत म्हणून दोघीजणींनी जावे. एवढ्याला ना वर्गणी लागते ना ठराव.

पॅरिसच्या त्या नऊ बायका, परळच्या गिरणी कामगार बायका आणि घरी जायला नकार देणारी श्रीमती जी, यांच्यापैकी एकीलाही आपण इतिहास घडवीत आहोत असे वाटले नसेल. त्यांनी आपले दुखणे सांगितले आणि कोणीतरी ते मन लावून ऐकले. सोसणे हा आपला गुण मानला जातो, आणि कित्येक ठिकाणी तो गुण आहेही. सुजलेल्या सांध्यांच्या बाबतीत मात्र तो गुण नव्हे. सांगणे आणि ऐकणे ही दोन्ही कामे आपल्या मंडळात वर्षानुवर्षे चालत आली आहेत, ती पुढेही अशीच चालोत, ही सदिच्छा.